पाइप पास, तलाव नापास

उन्हाळ्यात वारा पडलेला असताना पहाटे साडेपाच-पावणेसहाला एखाद्या आजारी तलावाच्या काठावर जाऊन उभं राहा. उजाडायच्या आधी पाण्यावर टपटप असा बारीक आवाज येतो, पाऊस सुरू झाल्यासारखा, आणि मग लक्षात येतं की पाऊस कुठला, हे मासे आहेत. शेकड्याने मासे वर येऊन पाण्याच्या अगदी वरच्या पातळ थरातून श्वास ओढत असतात, तोंड उघडतात मिटतात, उघडतात मिटतात, काही तर आडवे पडलेले असतात, हाताने उचलता येतील इतके थकलेले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी पाण्यात विष टाकलंय. तसं काही नव्हतं. रात्रभर त्या पाण्यातल्या शेवाळाने आणि गाळातल्या जिवाणूंनी ऑक्सिजन वापरून संपवला होता.

आता त्याच जागी सकाळी अकराला परत या. ऊन आलंय, शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण जोरात सुरू आहे, पाण्यात ऑक्सिजनच ऑक्सिजन. 25 अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून साधारण 8 मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, पण हिरव्यागार तलावात दुपारी रीडिंग 12 किंवा 15 मिलिग्रॅमसुद्धा येऊ शकतं, कारण शेवाळ तो तिथल्या तिथे बनवत असतं. आणि सॅम्पल घ्यायची वेळ कोणती, तर हीच. ऑफिस उघडतं, गाडी निघते, तलावावर पोचेपर्यंत अकरा वाजतात, बाटली पाण्याखाली बुडवून बुडबुडा न राहू देता भरतात, ऑक्सिजन फिक्स करायचं रसायन जागेवरच टाकतात, लेबल लावतात, आइसबॉक्समध्ये ठेवतात. सगळं पद्धतशीर, कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी लाच घेतलेली नाही. आणि रिपोर्टमध्ये येतं, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) समाधानकारक. पहाटे जे मासे मेले ते त्या रिपोर्टमध्ये कुठेच नाहीत.

मला या लेखात जे म्हणायचंय ते इथूनच सुरू होतं. तलाव बिघडतायत कारण लोक कायदा मोडतात, असं आपण धरून चालतो आणि ते बऱ्याच ठिकाणी खरंही आहे, पण त्याहून जास्त काळजीची गोष्ट अशी की सगळ्यांनी कायदा तंतोतंत पाळला तरी तलाव मरू शकतो. कायदा पाइपाच्या तोंडाशी उभा राहून विचारतो की एका लिटरमध्ये किती घाण आहे. तलावाला त्याच्याशी काही घेणंदेणं नसतं, त्याच्या पोटात वर्षभरात एकूण किती किलो गेलं एवढंच त्याला कळतं. हे दोन वेगवेगळे हिशोब आहेत, आणि आपण पहिला हिशोब जुळला की दुसरा जुळलाच असं समजून कागदावर सही करतो.

हे असं का झालं याला इतिहास आहे. सांडपाण्याचं जे मोजमाप जगभर चालतं ते म्हणजे बीओडी, पाण्यातली घाण कुजताना पाच दिवसांत किती ऑक्सिजन खाते त्याचं माप. ब्रिटनमध्ये सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन बसलं होतं, 1898 ते 1915, त्याच्या 1912 च्या आठव्या अहवालात 20 मिलिग्रॅम बीओडी आणि 30 मिलिग्रॅम तरंगते कण अशी मर्यादा सुचवली गेली, आणि त्यामागे असं गृहीत होतं की हे पाणी नदीत पडेल आणि नदीत त्याला किमान आठपट स्वच्छ पाणी मिळेल. पाच दिवसच का, तर तिथल्या नद्यांचं पाणी साधारण तेवढ्यात समुद्राला मिळतं असा विचार होता असं सांगतात. म्हणजे हे माप वाहत्या पाण्याचं आहे, पाणी पुढे जाणार, पातळ होणार आणि समुद्रात जाऊन मिळणार हे धरून बांधलेलं. तलाव कुठे जातो? उत्तर अमेरिकेतल्या एरी सरोवराचं पाणी पूर्ण बदलायला अडीच-पावणेतीन वर्षं लागतात, सुपीरियर सरोवराचं जवळपास दोनशे. तिथे पाच दिवसांच्या मापाने काय कळणार आहे? आज बऱ्याच देशांच्या नियमांत आकडे थोडेफार बदललेले दिसतील पण मूळ विचार तोच आहे, नदीसाठी शिवलेला सदरा तलावाला घातलाय.

बरं, बीओडी खाली आणली तरी खरा प्रश्न तसाच राहतो, कारण तलावाला मारणारा मुख्य माल फॉस्फरस आहे आणि बीओडीच्या आकड्यात तो दिसतच नाही. पाणी डोळ्याला स्वच्छ, वास नाही, टेस्टमध्ये पास, आणि तरी आत शेवाळाचं खत भरलेलं.

याचा पुरावा इतका स्पष्ट आहे की त्याच्यावर वाद घालायची गरजच नाहीये. कॅनडात ऑन्टारियोच्या वायव्य भागात 1968 पासून लहान लहान तलाव खास प्रयोगासाठी राखून ठेवलेत, संपूर्ण तलावावरच प्रयोग करायचा, बादलीत नाही. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या टीमने 1973 मध्ये तिथल्या 226 नंबरच्या तलावाच्या मधोमध एक मोठा प्लॅस्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकलं. दुसऱ्या भागात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. विमानातून काढलेला फोटो आहे त्याचा, एक अर्धा काळसर निळा आणि दुसरा अर्धा मटारच्या रंगाचा, मध्ये सरळ रेघ. त्या काळात साबण आणि डिटर्जंटवाल्या कंपन्या सांगत होत्या की दोष फॉस्फेटचा नाही कार्बनचा आहे, आणि या एका फोटोने तो युक्तिवाद जवळजवळ संपवला. (नायट्रोजनची काही भूमिका आहे की नाही यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा चालते, आणि ती व्हायलाच हवी, पण फॉस्फरस कमी केल्याशिवाय तलाव सुधारत नाही यावर फारसं दुमत नाही.)

आता आकडे बघा. तलावाच्या पाण्यात फॉस्फरस लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पाणी नितळ राहतं, आणि साधारण 0.03 ते 0.035 च्या वर गेलं की शेवाळ माजायला लागतं. आणि एसटीपीमधून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून, बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी चांगल्यात चांगल्या म्हणून धरलेल्या नियमांत किती चालतं? युरोपच्या 1991 च्या सांडपाणी निर्देशात संवेदनशील भागांतल्या मोठ्या शहरांना 1 मिलिग्रॅम, मध्यम शहरांना 2. म्हणजे ज्या पातळीला तलाव आजारी पडतो त्याच्या तीसपट फॉस्फरस असलेलं पाणी कायदेशीररीत्या सोडता येतं. पातळ करायला पुरेसं स्वच्छ पाणी असेल तर ठीक आहे, पण ज्या तलावात येणारं निम्मं पाणी एसटीपीचंच आहे तिथे पातळ कशाने होणार.

एक साधा हिशोब करू. रोज 1 कोटी लिटर पाणी शुद्ध करणारी मध्यम आकाराची एसटीपी आहे, अगदी प्रामाणिकपणे चालते, 1 मिलिग्रॅमचा नियम रोज पाळते. रोजचे झाले 10 किलो, वर्षाचे 3,650 किलो फॉस्फरस. ढोबळमानाने 1 किलो फॉस्फरसवर 500 किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं, म्हणजे सव्वाअठरा लाख किलो. सगळंच्या सगळं एका वेळी उगवेल असं नाही, पण तेवढं खाद्य दरवर्षी तलावात पडतंय. उद्या वस्ती वाढली, शेजारी अशीच दुसरी एसटीपी आली, तीही 1 मिलिग्रॅमवर चालते, तिला परवाना मिळतो कारण ती नियमात बसते, मग तिसरी येते. प्रत्येक पाइप पास. तलावात आता 11 टन जातायत आणि परवाना देणाऱ्या माणसासमोर जी फाइल आहे तिच्यात एकूण बेरजेचा रकानाच नाही.

आणि तलाव विसरत नाही, हे आणखी एक. आलेला फॉस्फरस मेलेल्या शेवाळाबरोबर तळाशी बसतो आणि गाळात लोखंडाला चिकटून राहतो. जोपर्यंत तळाशी ऑक्सिजन आहे तोपर्यंत तो तिथेच गप्प असतो. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं होतं, खालचं थंड आणि जड, दोघं मिसळत नाहीत, तळातला ऑक्सिजन संपतो, लोखंडाची पकड सुटते आणि वर्षानुवर्षं साठलेला फॉस्फरस परत पाण्यात येतो. त्यामुळे आज सगळे पाइप बंद केले तरी पुढची दहा-वीस वर्षं गाळ शेवाळाला पोसत राहू शकतो. उथळ तलावांत तर आणखी एक गोष्ट होते, पाणी एकदा गढूळ हिरवं झालं की तळाच्या वनस्पतींना प्रकाश मिळत नाही, त्या मरतात, मग गाळ धरून ठेवायला कोणी उरत नाही, वारा आला की गाळ ढवळतो आणि पाणी आणखी गढूळ. फॉस्फरस ज्या पातळीला असताना तलाव बिघडला त्या पातळीपर्यंत परत आणून तो सुधारत नाही, त्याच्या कितीतरी खाली न्यावं लागतं. म्हणून मला ते "आधी होऊ दे, नंतर साफ करू" म्हणणारे लोक ऐकवत नाहीत, आणि तलावाभोवती भिंत बांधून, जॉगिंग ट्रॅक करून, मध्ये कारंजं लावून त्याला तलाव संवर्धन म्हणतात ते तर अजिबातच नाही, त्या कारंज्याने एक ग्रॅम फॉस्फरस कमी होत नाही.

एरी सरोवराची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो कारण तिच्यात नियमांची ताकद पण दिसते आणि नियमांची चूक पण. 1960 च्या दशकात एरीला लोक मेलेलं सरोवर म्हणायला लागले होते, किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग, मासे मरून पडलेले, 1969 मध्ये त्याला मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाला आग लागली. मग 1972 मध्ये अमेरिका आणि कॅनडाने करार केला, मोठ्या एसटीपींना 1 मिलिग्रॅम फॉस्फरसची मर्यादा लावली, बऱ्याच भागांत डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधन आलं, आणि महत्त्वाचं म्हणजे पुढे 1978 च्या करारात संपूर्ण सरोवरासाठी वर्षाला 11,000 टन अशी एकूण मर्यादा ठरवली. किलोंचा हिशोब! आणि ते चाललं. 80 च्या दशकात एरी बरीच सुधारली, जगभर तिचं उदाहरण द्यायला लागले.

आणि 90 च्या दशकाच्या मध्यापासून शेवाळ परत यायला लागलं. 11,000 टनांचं टार्गेट बहुतेक वर्षं पाळलं जात होतं, तरी. झालं काय होतं, तर मर्यादा होती एकूण फॉस्फरसची, आणि त्या एकूणमधला पाण्यात विरघळलेला भाग वाढत चालला होता. मातीच्या कणांना चिकटून आलेला फॉस्फरस शेवाळाला थोडाच वापरता येतो, विरघळलेला जवळपास सगळाच. शेतात वरच्यावर फेकलेलं खत, मातीत न मिसळलेलं, त्यावर जोरदार पाऊस, आणि शेताखाली पाणी काढून द्यायला घातलेले पाइप, या सगळ्यातून तो विरघळलेला फॉस्फरस मॉमी नदीने थेट सरोवराच्या पश्चिम टोकाला आणून टाकला. आणि कायद्याचं काय, तर अमेरिकेच्या 1972 च्या क्लीन वॉटर अॅक्टमध्ये कारखाना आणि एसटीपीच्या पाइपाला परवाना लागतो पण शेतातून पावसाने वाहून येणारं पाणी परवान्याच्या व्याख्येतच बसत नाही, त्याला स्पष्ट सूट आहे. दोष कायदा मोडण्यात नव्हता. जिथून माल येतोय तिकडे कायदा बघतच नव्हता.

2 ऑगस्ट 2014 ला पहाटे एरीच्या याच पश्चिम टोकाला असलेल्या टोलेडो शहरातल्या लोकांना सांगितलं गेलं की नळाचं पाणी पिऊ नका. उकळू पण नका. हे "उकळू नका" वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं, कारण लहानपणापासून आपल्याला एकच माहीत, पाणी खराब असेल तर उकळून प्या. पण निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 1 मायक्रोग्रॅम. चार ते पाच लाख लोक तीन दिवस नळाला पाणी असून तहानलेले. त्याआधी 2007 मध्ये चीनच्या ताइहू सरोवराकाठी वूशी शहरात शेवाळामुळेच नळाचं पाणी पिण्याजोगं राहिलं नव्हतं, वीस लाखांच्या आसपास लोक, जवळपास आठवडाभर. आणि 1996 मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू इथे एका डायलिसिस केंद्रात असंच दूषित पाणी वापरलं गेलं, त्यात पन्नासच्या वर रुग्ण गेले. तलावाच्या पाण्याचा दर्जा हा पक्षीप्रेमींचा आणि फोटोग्राफर लोकांचा विषय आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा शेवटचा आकडा परत एकदा वाचावा.

आता नियम लावणारा कोण, हा प्रश्न. उत्तर आयर्लंडमधलं लॉख नेय, ब्रिटिश बेटांवरचं सगळ्यात मोठं सरोवर, तिथल्या पिण्याच्या पाण्यातलं साधारण 40 टक्के तिथूनच येतं. 2023 च्या उन्हाळ्यात ते हिरव्या रंगाने असं माखलं की वरून बघितल्यावर रंगाचा डबा सांडल्यासारखं दिसत होतं. फॉस्फरसचा मोठा हिस्सा शेती आणि पशुपालनातून, बाकी मैलापाण्यातून. आणि तिथली पर्यावरण यंत्रणा कुठे बसते, तर शेती वाढवायची जबाबदारी ज्या खात्यावर आहे त्याच खात्याच्या पोटात. इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, सगळ्यांकडे पर्यावरणासाठी निराळी संस्था आहे, इथेच नाही. मी तिथल्या कर्मचाऱ्यांना दोष देत नाही, त्यातले बरेच जण मनापासून काम करत असतील, पण ज्याचं प्रमोशन गुरांची संख्या वाढवण्यावर आणि ज्याचं प्रमोशन शेणाचं पाणी अडवण्यावर अवलंबून आहे ते दोघं एकाच साहेबाला रिपोर्ट करत असतील तर कोणाची फाइल वर राहणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जगात बऱ्याच ठिकाणी हे असंच आहे, प्रदूषण करणारी सगळ्यात मोठी संस्था खुद्द नगरपालिका असते आणि तिच्यावर लक्ष ठेवणारं मंडळ त्याच सरकारच्या पैशावर चालतं. खासगी कारखान्याला टाळं लावता येतं. शहराच्या गटाराला टाळं कसं लावणार?

मग उरतो दंड. दंडाचं गणित पण साधं आहे. एसटीपीच्या वीजबिलातला निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून जास्त, खर्च एकट्या हवा सोडणाऱ्या ब्लोअरवर होतो. ते रात्री बंद ठेवले तर पैसे वाचतात, आणि रात्री सॅम्पल घ्यायला कोणी येत नाही. पकडलं गेलंच तर जो दंड आहे तो महिन्याच्या वाचलेल्या बिलापेक्षा कमी असेल तर तो दंड राहत नाही, प्रदूषण करायचं भाडं होतं, आणि भाडं भरणाऱ्याला आपण गुन्हेगार आहोत असं वाटत पण नाही. प्रदूषण करणाऱ्याने पैसे भरावेत हे तत्त्व ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने 1972 मध्येच मान्य केलं, पण किती भरावेत याचं उत्तर नेहमी इतकं कमी असतं की तत्त्व कागदावर उरतं.

कागदावरून आठवलं. भारताच्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 2020-21 चे आकडे आहेत, शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, बांधलेल्या एसटीपींची क्षमता 31,841, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं 20,236. म्हणजे क्षमता मुळात निम्म्याहून कमी आणि त्यातलीही एक तृतीयांश पडून. बेंगळुरूच्या बेलंदूर तलावावर 2015 मध्ये फेसाचे ढीग रस्त्यावर आले, 2017 च्या फेब्रुवारीत तलावाला आग लागली, आणि 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला 500 कोटी रुपये बाजूला ठेवायला सांगितलं. लवादाचं मी स्वागतच करतो, पण तलाव पेटल्यावर न्यायालयाने पैसे बाजूला ठेवायला लावणं याला देखरेख म्हणत नाहीत, ती वेळ येऊ न देणं म्हणजे देखरेख.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी ऐकलेत आणि त्यातले काही खरे आहेत. शेतकऱ्यावर आणखी एक परवाना, आणखी एक इन्स्पेक्टर लादायचा का? नाही, तसं मी म्हणत नाहीये, हजारो शेतांवर जाऊन बाटल्या भरणं शक्यही नाही. पण खत कधी टाकायचं, जोराचा पाऊस येणार असताना टाकायचं नाही, मातीत मिसळायचं, नाल्याच्या काठाची पट्टी मोकळी सोडायची, माती तपासून गरज असेल तेवढंच द्यायचं, हे नियम होऊ शकतात आणि त्यासाठी पैसे शेतकऱ्याच्या खिशातून न जाता ज्यांना स्वच्छ पाणी मिळतं त्यांच्याकडून यायला हवेत. एरीकाठच्या राज्यांनी 2008 च्या तुलनेत 2025 पर्यंत फॉस्फरस 40 टक्के कमी करायचं कबूल केलं आणि भर मुख्यतः ऐच्छिक योजनांवर ठेवला. पश्चिम टोकाला शेवाळ अजून दर उन्हाळ्यात येतंच आहे. ऐच्छिकवर माझा विश्वास उडालाय तो यामुळे.

दुसरा आक्षेप हवामान बदलाचा, की पाणीच गरम होतंय तर शेवाळ वाढणारच, त्याला यंत्रणा काय करणार. पाणी गरम होतंय हे खरं आहे, निळ्या-हिरव्या शेवाळाला गरम, स्थिर पाणी आवडतं हेही खरं. पण यावरून निष्कर्ष उलटा निघतो ना? तलावाची सहनशक्ती कमी झाली असेल तर त्यात सोडायच्या किलोंची मर्यादा खाली आली पाहिजे. आजारी माणसाला आपण म्हणतो का की तू तसाही अशक्त आहेस, मग आणखी थोडं ओझं उचल?

आणि चांगला कायदा केला की झालं असंही नाही. युरोपने 2000 साली पाणी निर्देश आणला, कागदावर जगातल्या सगळ्यात चांगल्या कायद्यांपैकी एक, कारण तो पाइपाऐवजी खुद्द नदी आणि तलावाची तब्येत मोजतो, त्यातल्या वनस्पती, मासे, किडे सगळं. मला जे हवंय ते त्यात आहे. 2015 पर्यंत सगळं पाणी चांगल्या स्थितीत आणायचं होतं. मग मुदतवाढ, 2021. मग 2027. युरोपियन पर्यावरण संस्थेच्या 2024 च्या अहवालात चांगल्या पर्यावरणीय स्थितीत असलेलं पृष्ठभागावरचं पाणी होतं फक्त 37 टक्के. मुदतवाढ मागायला जिथे काहीच किंमत मोजावी लागत नाही तिथे मुदत पाळणारा मूर्ख ठरतो.

पण जमलेलं पण आहे, आणि ते लिहिलं नाही तर हा लेख अप्रामाणिक होईल. जपानमधलं बिवा सरोवर, 1977 मध्ये तिथे पहिल्यांदा मोठी लाल लाट आली, म्हणजे सूक्ष्म शेवाळ माजून पाणी लालसर झालं, पाण्याला मासळीसारखा वास. तिथल्या बायकांनी, घर चालवणाऱ्या साध्या बायकांनी, फॉस्फेटवाली डिटर्जंट पावडर सोडून साधा साबण वापरायची चळवळ उभी केली आणि तिच्या जोरावर शिगा प्रांताने 1979 मध्ये नियम करून फॉस्फेटवाल्या डिटर्जंटच्या विक्री आणि वापरावर बंदी आणली, 1980 पासून लागू. कंपन्यांचा विरोध होता. आणि बंदी येताच थोड्याच काळात त्याच कंपन्यांनी बिनफॉस्फेटची पावडर बाजारात आणली, म्हणजे तंत्र अवघड नव्हतं, फक्त भाग पाडणारं कोणी नव्हतं. दुसरं कॉन्स्टन्स सरोवर, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया तिघांच्या मध्ये, त्याच्या मुख्य भागात देशांच्या सीमा कुठून जातात यावर आजपर्यंत एकमत नाही, पण पाण्यासाठी 1959 पासून एकत्र आयोग आहे. फॉस्फरस 1980 च्या सुमाराला लिटरला 80 मायक्रोग्रॅमच्या वर गेला होता, तो पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत 10 च्या खाली आणला. सीमा ठरवता न आलेल्या तीन देशांना हे जमतं.

मला हवंय ते फार नाही. प्रत्येक तलावाला वर्षाचा किलोंचा कोटा ठरवा, आणि त्या कोट्यात जागा नसेल तर नवा पाइप नियमात बसत असला तरी त्याला परवाना नको, आधी दुसऱ्या कोणाचे तरी किलो कमी करा मग तुमचे. विरघळलेला फॉस्फरस वेगळा मोजा. ऑक्सिजन पहाटे मोजा, आणि माणूस पाठवता येत नसेल तर तरंगता सेन्सर लावा, टोलेडोच्या घटनेनंतर एरीच्या पश्चिम भागात असे बोया लावलेत जे दिवसरात्र रीडिंग पाठवत राहतात आणि ते कोणालाही बघता येतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कोणालाही बघता येणं. कारण मंडळाची माणसं कमी असतात, बदल्या होतात, वरून फोन येतात, पण काठावर राहणारा माणूस रोज तिथेच असतो, त्याच्या हातात आकडा द्या. आणि देखरेख करणारी संस्था पाणी सोडणाऱ्या खात्यापासून वेगळी करा, तिचं बजेट आणि तिच्या नेमणुका वेगळ्या.

आकडा म्हणजे महागडंच यंत्र हवं असंही नाही. सेक्की डिस्क नावाची एक साधी तबकडी असते, वीस सेंटीमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्या रंगवलेली, दोरीला बांधलेली, अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने 1865 मध्ये वापरलेल्या पांढऱ्या तबकडीपासून चालत आलेली. होडीतून सावलीच्या बाजूने ती सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची. मी ती एका हिरव्या तलावात सोडली होती. हात पाण्यात घातला तर मनगटापर्यंत दिसत होतं, बोटं दिसत नव्हती, आणि तबकडी तीस सेंटीमीटरवर गेली. दोरी वीस मीटरची आणली होती, सगळी तशीच वेटोळं होऊन होडीत पडलेली.

सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात हीच तबकडी 1963 च्या उन्हाळ्यात जेमतेम एक मीटरवर दिसेनाशी होत होती. अकरा एसटीपींचं पाणी तिथे पडत होतं. डब्ल्यू. टी. एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांच्या टीमला 1955 मध्ये त्यात एक शेवाळ सापडलं जे त्याआधी युरोपातल्या बिघडत चाललेल्या तलावांत दिसलं होतं, आणि त्यावरून त्यांनी पुढे काय होणार हे लोकांना समजेल अशा भाषेत सांगितलं. तेव्हा सरोवर इतकं वाईट झालेलंही नव्हतं, लोक पोहत होते. 1958 च्या मार्चमध्ये मतदान झालं, प्रस्ताव पडला. सप्टेंबरमध्ये थोडा बदलून परत ठेवला, पास झाला, आणि लोकांनी स्वतःच्या पैशाने सगळ्या सरोवराभोवती पाइप टाकून ते पाणी वळवलं. ते काम 1963 ला सुरू होऊन 1968 ला संपलं. 70 च्या दशकाच्या शेवटी शेवटी तिथे तबकडी सोडली की सहा-सात मीटर दोरी सोडावी लागत होती.